मनोराज्य आणि मोजमाप

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त सावरगाव येथे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



पंचतंत्राच्या पाचव्या तंत्रात स्वभावकृपण नावाच्या एका ब्राह्मणाची गोष्ट आहे. भिक्षेत मिळालेले सातूचे पीठ खाऊन उरले, ते त्याने एका मडक्यात भरले, मडके खुंटीला टांगले आणि त्याखाली बाज टाकून तो त्याच्याकडे एकटक पाहत पडला. दुष्काळ पडला तर या पिठाचे शंभर रुपये येतील, त्यांत दोन शेळ्या घेता येतील. शेळ्यांच्या वाढाव्यातून गाई, गाईंतून म्हशी, म्हशींतून घोड्या, घोड्यांतून सोने. मग चौसोपी वाडा, रूपवती पत्नी आणि सोमशर्मा नावाचा पुत्र. मूल रांगत घोड्यांच्या पायांशी जाते, घरकामात गुंतलेली पत्नी हाकेला ओ देत नाही, म्हणून हा संतापून तिला लाथ मारतो. लाथ बसते ती मडक्याला, आणि पीठ अंगभर सांडून ब्राह्मण पांढराफटक होतो. ‘बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी’ ही मराठीतली म्हण याच जातीची.

या गोष्टीचा बोध सांगताना मोठी स्वप्ने पाहू नयेत, असे बहुधा सांगितले जाते. तो उथळ वाटतो. गोष्ट नीट वाचली तर दिसेल की या ब्राह्मणाचा हिशेब फारसा चुकलेला नाही. शेळ्या वितात, गाईला वासरू होते, जनावरांच्या व्यापारात पैसा मिळतो. आजच्या भाषेत बोलायचे तर त्याने मोठ्या ध्येयाचे लहान टप्पेही पाडले होते. उणे एवढेच, की त्या टप्प्यांपैकी एकही त्या दिवशीचा नव्हता. पहिलीच पायरी दुष्काळाची, म्हणजे स्वतःच्या हाती नसलेली. उजाडल्यावर बाजेवरून उठून काय करायचे, याला त्या सगळ्या वैभवात जागा नव्हती. टप्पे पाडल्याने मनोराज्याचे ध्येय होत नाही, हे या जुन्या गोष्टीने फार सूक्ष्मपणे सांगितले आहे.

आपल्या परंपरेत मनोराज्याला विरोधी शब्द शोधायचा तर तो ‘संकल्प’ होय. हा शब्द आज वर्षारंभीच्या गप्पांपुरता उरला असला, तरी पूजेच्या आरंभी गुरुजी जो संकल्प सांगतात तो मोठा अर्थपूर्ण आहे. संवत्सर कोणते, अयन कोणते, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार कोणता. कोणत्या नदीच्या कोणत्या तीरावर हे कर्म होत आहे. करणारा कोणत्या नावाचा आणि गोत्राचा. आणि आज नेमके काय करणार. देश, काल, कर्ता आणि कर्म यांचा उच्चार झाल्यावाचून पाणी सोडता येत नाही. मनोराज्याला यांपैकी काहीच लागत नाही. त्याला तिथी नसते आणि तीरही नसते. जाम नदीच्या काठी राहणाऱ्या माणसाला तरी आपण कोणत्या तीरावर उभे आहोत, या प्रश्नाचे महत्त्व निराळे सांगायला नको.

पांढुर्णा आणि सौंसर हा भाग संत्र्याचा. येथील शेतकऱ्याच्या व्यवहारात मनोराज्य आणि संकल्प यांतला भेद दर काही वर्षांनी रोकड्या स्वरूपात दिसतो. सहा मीटर बाय सहा मीटर अंतरावर लागवड केली तर हेक्टरी सुमारे २७७ झाडे बसतात. कागद-पेन्सिल घेऊन बसलेला माणूस या २७७ला प्रत्येक झाडावरच्या फळांनी गुणतो, आलेल्या संख्येला नागपूरच्या बाजारातील गेल्या वर्षीच्या भावाने गुणतो, आणि मुलीच्या लग्नाची तारीखही मनातल्या मनात काढून टाकतो. गुणाकार बिनचूक असतो. पण जंबेरीच्या खुंटावर बांधलेले कलम रोप लावल्यापासून साधारण पाचव्या वर्षी धरू लागते. तोवर बाग फक्त घेते, देत नाही. मधल्या ओळींत तूर, भुईमूग किंवा सोयाबीन घेऊन घर चालवावे लागते. पुढे आंबिया घ्यायचा की मृग, हा प्रश्न येतो. बहार धरण्यासाठी बागेला ताण द्यायचा आणि मग नेमक्या वेळी पाणी सोडायचे, तर विहिरीत तेव्हा पाणी हवे. डिंक्या आणि कोळशी तर गुणाकारात कधी येतच नाहीत.

शहाणा बागाईतदार झाडांपासून मोजायला सुरुवात करत नाही. तो विहिरीपासून करतो. ऐन वैशाखात, सलग दोन वर्षे पाऊस कमी झाला असताना, ही विहीर किती वेळ उपसा देते? त्या पाण्यात शंभर झाडे जगतील की दीडशे? उत्तर शंभर आले तर तो शंभर लावतो, उरलेल्या रानात कपाशी घेतो आणि शेजाऱ्याची थट्टा ऐकून घेतो. ज्याने पाण्याचा विचार न करता पूर्ण रान संत्र्याखाली आणले, त्याच्यावर उन्हाळ्यात टँकरने पाणी घालण्याची किंवा वाढलेली झाडे डोळ्यांदेखत वाळताना पाहण्याची पाळी येते. हे दोघेही संत्र्याचेच स्वप्न पाहणारे. शंभर झाडे लावणाऱ्याला स्वप्न नाही, असे कोणी म्हणणार नाही. पाच वर्षे रिकाम्या हाताने वाट पाहण्याची त्याची तयारीच त्याचे स्वप्न किती खरे आहे ते सांगते.

शेतीच्या उदाहरणात निसर्ग तरी कठोर परीक्षक असतो. जिथे माणसांचे मन बदलायचे, तिथे स्वप्न आणि मोजमाप यांची गाठ कशी पडते, हे पाहायचे तर धोंडो केशव कर्वे यांच्या चरित्रासारखा ग्रंथ नाही. हे चरित्र पुष्कळांनी शाळेत वाचलेले असते, आणि शाळेत वाचलेली चरित्रे बहुधा पुन्हा वाचली जात नाहीत.

कर्वे १८५८ साली जन्मले. सतराव्या वर्षी, म्हणजे १८७५मध्ये, सरकारी नोकरीला उपयोगी पडणारी परीक्षा देण्यासाठी ते कोकणातल्या मुरुडहून साताऱ्यास गेले. गेले म्हणजे सोबत्यांसह चालत गेले. पावसापाण्यातून, कुंभार्ली घाट चढून, शंभराहून अधिक मैल. परीक्षेला सतरा वर्षे पुरी लागत. कर्वे दिसायला लहानखुरे. हा मुलगा सतराचा वाटत नाही, असे म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. ते परत फिरले आणि पुढे कोल्हापूर केंद्रातून ती परीक्षा उत्तीर्ण झाले. येथे ध्येय अगदी माफक होते, कष्ट पुरेपूर होते, तरी पहिल्या खेपेला पदरी काही पडले नाही. वास्तव ध्येय ठेवले की यश ठरलेले, अशी जी समजूत अलीकडच्या उपदेशपर पुस्तकांनी पसरवली आहे, तिला साताऱ्याचा हा प्रसंग उत्तर आहे. वास्तव ध्येयाचा गुण दुसराच असतो. ते फसले तरी नेमके कुठे फसले ते कळते आणि दुरुस्ती करता येते. कर्व्यांना कळले की अडले ते वयाच्या दिसण्यावर, अभ्यासावर नव्हे.

१८९१मध्ये ते फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. प्रथम पत्नीच्या निधनानंतर १८९३च्या मार्चमध्ये त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या गोदूबाई या विधवेशी विवाह केला. मुरुडने त्यांना वाळीत टाकले. त्याच वर्षाच्या अखेरीस विधवाविवाहाच्या प्रसारासाठी मंडळी स्थापन झाली. तिचे नाव ‘विधवाविवाहोत्तेजक मंडळी’ असे होते; पुढे ते बदलून ‘विधवाविवाहप्रतिबंधनिवारक मंडळी’ असे करण्यात आले. शब्दांचा हा फेर किरकोळ वाटेल, पण त्यात गणिताच्या शिक्षकाची शिस्त दिसते. समाजाला पुनर्विवाहास उत्तेजन द्यायचे, हे काम कुठे सुरू होते आणि कुठे संपते, कोण सांगणार? ज्याला पुनर्विवाह करायचाच आहे त्याच्या वाटेतील अडथळा दूर करणे, त्याच्या पंगतीला बसणे, वाळीत पडलेल्या कुटुंबांचा मेळावा भरवणे, ही कामे अमुक दिवशी, अमुक घरी करता येतात आणि झाली की नाही तेही पाहता येते. नवे नाव जुन्या नावापेक्षा लहान ध्येय सांगते, आणि म्हणूनच अधिक प्रामाणिक आहे.

यानंतरचे पाऊल अधिक अवघड होते. पुनर्विवाह करू शकतील अशा स्त्रिया थोड्या. ज्यांचा विवाह होणारच नाही अशा विधवा असंख्य. त्यांना शिक्षण देऊन स्वतःच्या पायांवर उभे करावे, या विचाराने १८९६मध्ये अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन झाली. कर्व्यांनी स्वतःच्या शिलकीतले एक हजार रुपये तिला दिले. प्लेगच्या दिवसांत पुण्याबाहेर जागा हवी झाली आणि १९००मध्ये हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत आश्रमाचा संसार सुरू झाला. दिवसा महाविद्यालयात शिकवायचे, संध्याकाळी मैलोगणती चिखल तुडवत हिंगणे गाठायचे, सुट्टीत गावोगाव फिरून वर्गणी जमवायची. देणगी लहान आहे म्हणून नाकारली नाही आणि तिचा हिशेब लिहायचा राहिला नाही.

या वाटेची किंमतही पडली. विधवांच्या आईबापांनी मुली निर्धास्तपणे पाठवाव्यात म्हणून आश्रमात पुनर्विवाहाचा पुरस्कार करायचा नाही, असे कर्व्यांनी ठरवले. स्वतः पुनर्विवाह करणाऱ्या माणसाने असे ठरवावे, याचा कडव्या सुधारकांना राग आला. सनातनी तर आधीपासून रागावलेलेच होते. शक्य तेवढेच करणारा माणूस दोन्हीकडून बोलणी खातो. मनोराज्य करणाऱ्याला हा त्रास नाही, कारण त्याला कोणाशी तडजोड करावी लागत नाही. कर्व्यांची ही तडजोड बरोबरच होती, असे सर्वांना आजही पटेल असे नाही. पण तिच्यामुळे मुली हिंगण्याला आल्या, शिकल्या आणि पुढे शिकवू लागल्या.

जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका कर्व्यांच्या हाती आली होती. प्रथम त्यांनी ती बाजूला ठेवली. एवढे मोठे काम आपल्या आवाक्यातले नाही, असे त्यांना वाटले. १९१५च्या अखेरीस मुंबईच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षीय भाषणाची तयारी करताना ती पुन्हा वाचली, तेव्हा तीच कल्पना आता जमण्याजोगी दिसू लागली. पुस्तिका बदलली नव्हती. दरम्यान हिंगण्यात शाळा उभी राहिली होती, शिकवणाऱ्या स्त्रिया तयार झाल्या होत्या, वर्गणीदारांचे जाळे विणले गेले होते. १९१६च्या जूनमध्ये मातृभाषेतून शिकवणारे महिला विद्यापीठ सुरू झाले, तेव्हा महाविद्यालयातील विद्यार्थिनी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. १९२०मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव विद्यापीठाला मिळाले. कायद्याने विद्यापीठाचा दर्जा १९५१मध्ये लाभला. १९५८मध्ये कर्वे भारतरत्न झाले, तेव्हा त्यांनी शंभरी गाठली होती.

हिंगण्याच्या झोपडीत पहिल्याच रात्री कोणी महिला विद्यापीठाचा आराखडा वाचून दाखवला असता, तर ती सोमशर्म्याचीच गोष्ट झाली असती. सोळा वर्षांनंतर तेच विद्यापीठ पुढची पायरी ठरले. एखादे ध्येय अवास्तव आहे की वास्तव, हे त्या ध्येयाकडे पाहून कधीच ठरत नाही. आज आपण कुठे उभे आहोत यावर ते ठरते. म्हणून कोणाही तरुणाला ‘हे तुला झेपणार नाही’ असे सांगणाऱ्याने त्या वाक्यात निदान ‘आज’ हा शब्द घालावा.

मनोराज्याचा दोष केवळ वेळ वाया घालवण्याचा नाही, हे मानसशास्त्राच्या अभ्यासकांनीही दाखवले आहे. गॅब्रिएले ओएटिंगेन या जर्मन विदुषीने एका सहकाऱ्यासह १९९१मध्ये वजन कमी करू पाहणाऱ्या २५ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्याला हे जमेल अशी ज्यांची अपेक्षा होती, त्यांचे वजन अधिक घटले. मात्र सडपातळ झाल्यावरच्या सुखाची रम्य चित्रे ज्या रंगवत होत्या, त्यांचे कमी घटले. विश्वास उपयोगी पडला आणि चित्र आड आले. मनाने मेजवानी आधीच उरकून घेतली की स्वयंपाकाला उठण्याची निकड उरत नाही. मनातल्या मांड्यांनी पोट भरत नाही हे खरे, पण भूक मात्र मरते.

या परिसरातील अनेक घरांना हा प्रश्न आज ज्या रूपात भेटतो ते रूप स्पर्धा परीक्षांचे आहे. घरात मराठी, शाळेत हिंदी, प्रश्नपत्रिकेत तिसरीच भाषा, अशा तिठ्यावर वाढलेली मुले इंदूर, नागपूर किंवा पुण्यात खोली घेऊन वर्षानुवर्षे अभ्यास करतात. बागेच्या उत्पन्नातून खोलीचे भाडे जाते. जागा मोजक्या आणि उमेदवार अगणित, हे सर्वांना ठाऊक असते. परीक्षा देऊ नये, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण निवड होणे ही गोष्ट परीक्षार्थीच्या हातात नाही. ती स्वभावकृपणाच्या दुष्काळासारखी आहे, येईल किंवा न येईल. त्याच्या हातात आहे तो आजचा अभ्यास, किती खेपा बसायचे याचा आधी ठरवलेला आकडा, आणि त्यानंतर काय करायचे याची अर्धी तरी तयारी. हा आकडा पहिल्या वर्षी घरात, आईवडिलांसमक्ष उच्चारला गेला पाहिजे. पाचव्या वर्षी तो उच्चारणे फार जड जाते. मग मुलगा घरी यायचे टाळतो आणि बाप विचारायचे टाळतो.

उलट बाजूनेही अन्याय होतो. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण गरिबाच्या मुलाला ज्या सहजतेने ऐकवली जाते, त्या सहजतेने ती सुखवस्तूंच्या मुलांना कोणी ऐकवत नाही. अंथरूण लहान असेल तर पाय आखडावेत हे एका रात्रीपुरते ठीक. आयुष्यभर आखडून निजण्याला वास्तववाद म्हणता येणार नाही. विहिरीला पाणी कमी म्हणून शंभर झाडे लावणारा शेतकरी पुढच्या उन्हाळ्यात विहीर खोल करण्याचाही विचार करत असतो.

ग्रंथालयाच्या उत्सवात मराठीचा विषय टळत नाही, म्हणून एवढेच. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि हा मराठीभाषक भाग मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून येथे मराठी टिकवण्याच्या घोषणा अनेकदा झाल्या असतील. दर शनिवारी एका मुलाने एक मराठी पुस्तक घरी नेणे आणि पुढच्या शनिवारी ते परत आणणे, याची नोंद ग्रंथपालाच्या वहीत होते. घोषणेची होत नाही.

आता सावरगावच्या सर्वांत जिव्हाळ्याच्या आणि सर्वांत दुखऱ्या विषयाकडे वळले पाहिजे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते, त्यावर झेंडा लागतो, आणि एका काठावरून सावरगाव व दुसऱ्या काठावरून पांढुर्णा एकमेकांवर दगडांचा वर्षाव करतात. सावरगावची मुलगी घेऊन नदी ओलांडणाऱ्या पांढुर्ण्याच्या मुलाची दंतकथा सर्वश्रुत आहे. झाड तोडून चंडीमातेच्या चरणी नेले की गोटमार संपते. जखमी होणाऱ्यांची संख्या शेकड्यांत असते. डोळे गेले आहेत, हातपाय मोडले आहेत, जीवही गेले आहेत.

ही प्रथा बंद व्हावी, असे दरवर्षी बोलले जाते. २०००नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. चेंडू बाजूला पडले आणि दगड परत आले. जमावबंदीचे आदेश निघाले, तेही नदीच्या पात्रात विरले. २०२३मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसर त्यात आले, कार्यालये जवळ आली. गोटमार चालूच आहे. एका आदेशाने श्रद्धा, ईर्षा आणि गावाचा अभिमान ही तिन्ही एका दिवसात बदलतील, हे प्रशासनाचे मनोराज्य होते. भाविकांचेही एक मनोराज्य आहे: मातेची कृपा आहे, आपल्या घरच्या मुलाला काही होणार नाही.

या दोहोंच्या मध्ये करण्याजोगे पुष्कळ आहे आणि त्याला देश, काल, कर्ता यांचा उच्चार करता येतो. हाताने फेकलेला दगड येताना दिसतो, थोडेफार चुकवता येतो. गोफणीतून सुटलेला दगड वेगाने आणि दुरून येतो. गोफणीवर बंदी आहे, तरी ती वापरली जाते. गोटमार बंद करणे आज कोणा एकाच्या हाती नाही. आपल्या गल्लीतून गोफण नदीवर जाऊ न देणे मात्र त्या गल्लीतल्या चार वडीलधाऱ्यांच्या हाती आहे. लहान मुलांना काठापासून दूर ठेवणे त्यांच्या आयांच्या हाती आहे. किती डोळ्यांना इजा झाली याचा आकडा वर्षागणिक एका वहीत लिहून तो वाचनालयाच्या फलकावर लावणे, हे तर कोणीही करू शकेल. कर्व्यांच्या मंडळीने ‘उत्तेजक’ सोडून ‘प्रतिबंधनिवारक’ नाव घेतले, त्या जातीचे हे काम आहे. गोटमार संपावी असे वाटणाऱ्याला ते फार थोडे वाटेल, आणि ती चालावी असे वाटणाऱ्याला नको तितकी ढवळाढवळ.

गोफणीचे खरे काम ज्वारीच्या कणसांवरची पाखरे हाकण्याचे. ते काम पोळ्यानंतर, दाणा भरू लागला की सुरू होते. तोवर ती घराबाहेर पडली नाही, तर त्या संध्याकाळी दवाखान्यात किती खाटा रिकाम्या राहिल्या, हे दोन्ही काठांवरच्या माणसांना मोजता येईल.